दुष्काळाचा पैसा आणि काबूलची स्वारी

महिन्याच्या अखेरीस हातीं पडणाऱ्या पगाराच्या पावतीवर दोनशें रुपयांची एक वजावट असते. तिच्याकडे आमच्या मंडळींपैकीं फारसें कोणी लक्ष देत नाहीं. ‘व्यवसाय-कर’ एवढेंच तिचें नांव. परवां आमच्या महाविद्यालयांतील एका तरुण सहाध्यापकांनीं मला विचारलें, “सर, प्राप्तीवरचा कर आपण निराळा देतोंच, मग व्यवसाय करतों म्हणून हा वेगळा दंड कशासाठीं?” मी त्यांना सांगितलें कीं, हा दंड नव्हे. १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारनें हा कर बसविला, तो खेड्यांतील रिकाम्या हातांना काम देतां यावें म्हणून. आपण पंख्याखालीं बसून शिकवितों. त्या मिळकतीचा एक लहानसा वांटा उन्हांत माती उपसणाऱ्याच्या मजुरीसाठीं मागितला गेला. ते गृहस्थ अर्थशास्त्राचे पदवीधर. तरी त्यांना ही हकीकत नवी होती. आमच्या घरांतील मंडळींनाही ती नवी असावी, असें समजून हा लेख लिहावयास घेतला आहे. कारण या क्षुल्लक वजावटीच्या मागें शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासाच्या बऱ्याच खुणा पुण्यापासून वीस कोसांच्या आंत अद्याप पाहावयास मिळतात.

पुण्याहून सोलापूरच्या सडकेनें यवतच्या पुढें चौफुल्यापर्यंत जावें, तेथून उत्तरेस वळून केडगांवावरून मुळामुठा ओलांडावी, म्हणजे राहू हें गांव लागतें. एका अंगास भीमा, दुसऱ्या अंगास मुळामुठा, आणि पूर्वेस खालीं दोघींचा संगम. या दुआबास लोक राहूबेट म्हणतात. भीमेपलीकडे शिरूर तालुका, अलीकडे दौंड. नजर पोंचेल तेथवर ऊंस, आणि मधून मधून गुऱ्हाळाच्या चुलाणांतून वर चढणारा धूर. या भागाला कधीं काळीं दुष्काळ माहीत होता असें सांगितलें तर पाहुण्यास खरें वाटणार नाहीं. परंतु नदीच्या दक्षिणेस थोडें गेलें कीं माटोबा तलावाचा बांध दिसतो. खडकवासल्याहून निघालेल्या मुठेच्या उजव्या कालव्याचें पाणी सांठविण्यासाठीं हा तलाव योजलेला. त्याचें काम सुरू झालें तें १८७६-७७ च्या दुष्काळांत, भुकेल्या लोकांना कांहीं तरी काम द्यावें म्हणून. त्याच दुष्काळांत दौंडाहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गाची माती दुष्काळी मजुरांनीं टाकली. १८७८ मध्यें त्या मार्गावरून गाड्या धांवूं लागल्या. आज त्या बांधावरून आणि त्या रुळांवरून जाणाऱ्या कोणालाही आपण उपाशी माणसांच्या पाट्यांनीं उचललेल्या मातीवरून चाललों आहों, याची आठवण होत नाहीं.

प्रश्न असा आहे कीं, सरकारच्या तिजोरींतील पैसा जेव्हां एकाच वेळीं दोन ठिकाणीं हवा असतो, एका ठिकाणीं तोफेसाठीं आणि दुसऱ्या ठिकाणीं भाकरीसाठीं, तेव्हां तो कोणाकडे जातो? आणि भाकरीचा वांटा भाकरीलाच मिळावा यासाठीं कोणता उपाय आहे?

या प्रश्नाचा विचार करतांना लष्कर आणि रोजगार हे एकमेकांचे जन्मजात वैरी आहेत, असें मात्र धरून चालूं नये. निदान आमच्या या मुलखांत तसें कधींच नव्हतें. भीमेच्या दोन्ही तीरांचा प्रदेश म्हणजे भीमथडी. येथील काटक तट्टांची ख्याति मराठी फौजांबरोबर हिंदुस्थानभर पसरली. दसऱ्यानंतर मुलूखगिरीस निघावें आणि पावसाच्या तोंडावर घरीं येऊन औत धरावें, हा येथील कुणब्याचा शिरस्ता होता. ज्याचें स्वतःचें घोडें तो शिलेदार, ज्याला सरकारचें घोडें मिळे तो बारगीर. या दृष्टीनें पाहिलें तर फौज हेंच त्या काळचें सर्वांत मोठें रोजगाराचें खातें होतें. त्याची किंमतही राज्याला तशीच मोजावी लागे. थोरल्या बाजीरावांचीं ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेलीं पत्रें वाचणाऱ्यास कर्जानें गांजलेल्या विजयी सेनापतीचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें.

परंतु त्याहीपूर्वी, शिवाजीमहाराजांच्या कागदांत या दोन खर्चांचें नातें ज्या रीतीनें जोडलेलें आढळतें, तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. चिपळुणाकडील छावणींतील अंमलदारांना लिहिलेल्या एका पत्रांत महाराज बजावतात कीं, पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणावैरण जपून वापरा. तो संपला म्हणजे लष्करचे लोक कुणब्यांच्या घरून धान्य, गवत, लाकूड उचलूं लागतील, आणि मग रयतेस तुमच्यापेक्षां मोंगल बरे वाटतील. दुसरें पत्र १६७६ मधील, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें. गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे. ज्याच्या अंगीं शेत करण्याची ताकद आहे पण बैल नाहींत, बीं नाहीं, त्यास बैलांसाठीं पैसे व पोटास दाणे द्यावे. वाढीदिढी न घेतां मुद्दल तेवढें हळूहळू वसूल करावें. यासाठीं दोन लक्ष लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असा त्याचा आशय. हल्लींच्या भाषेंत पहिलें पत्र लष्करी खर्चाच्या शिस्तीचें व दुसरें सरकारी अनुदानाचें म्हणतां येईल. एकाच हातानें लिहविलेलीं हीं दोन पत्रें शेजारी ठेवलीं म्हणजे त्या राज्यकर्त्याचें मर्म कळतें. फौज रयतेच्या रक्षणासाठीं असेल तर तिच्या खर्चाची झळ रयतेच्या चुलीस लागतां कामा नये, हें तें मर्म होय.

१८१८ सालीं हा सर्व संसार मोडला. राहूपासून भीमेच्या प्रवाहाच्या उलट वर गेलें कीं कोरेगांव लागतें. १ जानेवारी १८१८ रोजीं तेथें पेशव्यांच्या फौजेशीं लढलेली कंपनीची पलटण शिरूरच्या छावणींतून निघाली होती. पेशवाई संपली आणि शिलेदार-बारगीरांच्या पिढीजात उपजीविकेचें साधन एका वर्षांत गेलें. किल्ल्यांच्या व गांवांच्या रखवालीवर जगणाऱ्या रामोशांचे हक्क बुडाले. उमाजी नाईकांच्या बंडामागें हीच चुटपूट होती. ज्यांनीं तलवार ठेवून नांगर धरला, त्यांच्या शेतावर सरकारचा सारा रोकड पैशांत बसला, तो पैसा सावकाराकडून आला, आणि १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारांत सावकारांचे कागद पेटले. त्या दंग्याला पुरतीं दोन वर्षेंही झालीं नाहींत, तोंच १८७६ चा पाऊस चुकला.

पुणें जिल्ह्याचा पूर्वभाग, म्हणजे भीमथडी, शिरूर, इंदापूर, सर्वांत अधिक होरपळला. सरकारनें कामें काढलीं, हें खरें. प्रथम तीं लहान, गांवाजवळचीं होतीं, आणि मजुरीही जेमतेम कां होईना, पुरण्याजोगी होती. परंतु १८७७ च्या जानेवारींत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून सर रिचर्ड टेंपल दौऱ्यावर आले. मजुरी अधिक आहे, लोक गरज नसतां कामावर येतात, असें त्यांचें मत पडलें. पुरुषास रोजीं एक आणा आणि वर एक पौंड धान्याच्या किमतीइतके पैसे, असा दर ठरला. आणि लहान कामें सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याची सक्ति झाली. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य! इतक्या अन्नावर श्रम करणाऱ्याचा देह टिकेल कीं नाहीं, याविषयीं सरकारच्याच वैद्यांत वाद झाला. मद्रासेचे डॉक्टर कॉर्निश यांनीं या दराविरुद्ध स्पष्टपणें लिहिलें.

यानंतर जें घडलें त्याची नोंद आमच्या शाळांच्या इतिहासांत सहसा नसते. दख्खनच्या दुष्काळी कामांवरील हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. ज्यांच्या घरांत दाणा नव्हता त्यांनीं, या दरानें व या अटींवर काम करणार नाहीं, असें म्हणून घरची वाट धरली. त्यांच्या पाठीशीं पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारें पुणें सार्वजनिक काका म्हणे, आणि महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेनें सभेनें ठिकठिकाणाहून माहिती मागवून सरकारकडे पत्रांमागून पत्रें धाडलीं. अर्जांच्या भाषेंत लिहिलेल्या त्या पत्रांचें सार एवढेंच कीं, काम देणें ही कृपा नसून सरकारचें कर्तव्य आहे, आणि मजुरी एवढी तरी हवी कीं मजूर जगेल. उपाशी माणसाच्या संपाला सुशिक्षित माणसानें शब्द दिले. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनांतील ही फार मोठी घटना मला वाटते. दुष्काळानें व मागून आलेल्या रोगांनीं जो संहार केला त्याची खूण खानेसुमारींत राहिली. १८७२ पेक्षां १८८१ मध्यें पुणें जिल्ह्याची लोकसंख्या कमी भरली.

आतां पैशाची गोष्ट. दुष्काळ ओसरत असतांना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन व त्यांचे अर्थमंत्री सर जॉन स्ट्रॅची यांनीं एक हिशेब मांडला. दुष्काळ हा अकस्मात नव्हे, तो वारंवार येणारच. दहा वर्षांच्या खर्चाची सरासरी काढली तर दरसाल सुमारें दीड कोट रुपये बाजूस ठेवावे लागतील. हिशेब शहाणपणाचा होता. ते उभे करण्यासाठीं १८७८ मध्यें नवे कर बसले. व्यापारी-कारागिरांवर ‘लायसन्स टॅक्स’ आला, आणि कांहीं प्रांतांत जमिनीवर जादा पट्टी बसली. हा पैसा दुष्काळाखेरीज दुसऱ्या कशास लावणार नाहीं, असें वचन कायदेमंडळांत उघड देण्यांत आलें. लोकांचा विश्वास बसला असें नाहीं. एप्रिल १८७८ मध्यें या करावरून सुरतेस दंगा झाला. तरी कर वसूल होऊं लागला.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अफगाणिस्तानाशीं युद्ध सुरू झालें. रशियाचा वकील काबुलास गेला, आमचा कां जाऊं नये, हें निमित्त. १८७९ च्या मार्चांत अंदाजपत्रक आलें तेव्हां दुष्काळाची दीड कोटींची तजवीज स्थगित झालेली होती. कर मात्र स्थगित झाला नाहीं. वचनाची आठवण करून देणाऱ्यांना उत्तर मिळालें कीं, दुष्काळाचें असें निराळें खातें मुळांत नव्हतेंच. वाढीव उत्पन्नानें तिजोरींत शिल्लक राहावी एवढाच हेतु होता, आणि युद्धामुळें ती राहिली नाहीं. वाचकांनीं हें उत्तर नीट ध्यानांत ठेवावें, कारण या लेखाचा सारा मुद्दा त्यांत आहे. आणखी एक गोष्ट त्याच महिन्याची. तिजोरींत पैसा नाहीं असें सांगणाऱ्या लिटनसाहेबांनीं आपल्या मंडळांतील बहुमत झुगारून विलायतेच्या जाड्याभरड्या कापडावरील जकात उठविली. दुष्काळपीडित रयतेस देण्यास जो पैसा नव्हता, तो लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस सोडून देण्यास होता. सरकार कोणास मदत करतें हें पाहावयाचें असेल तर तें कोणास पैसा देतें याबरोबरच कोणाकडून घ्यावयाचें सोडतें, हेंही पाहिलें पाहिजे.

युद्धाचा खर्च किती? प्रथम जो अंदाज दिला गेला त्याच्या जवळजवळ तिप्पट तो निघाला. लष्करी हिशेबांत एवढी मोठी चूक कशी राहिली, याचा गवगवा १८८० मध्यें विलायतेपर्यंत झाला, स्ट्रॅचीसाहेबांची अर्थशास्त्रज्ञ म्हणून असलेली कीर्ति काळवंडली, आणि शेवटीं ग्लॅडस्टनच्या सरकारला पन्नास लक्ष पौंडांचा वांटा इंग्लंडच्या तिजोरींतून उचलावा लागला. बाकीचा भार हिंदुस्थानावर राहिला. जुलै १८८० मध्यें मैवंदच्या रणांगणावर जी फौज मोडली तिच्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. दख्खनचा पैसा आणि मुंबई इलाख्याचीं माणसें, दोन्ही एकाच वाटेनें गेलीं.

याच वेळीं आमच्या या कोपऱ्यांत एक विलक्षण योगायोग घडला. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यांत वासुदेव बळवंत फडके नांवाचे कारकून होते. फौजेवर काय खर्च होतो हें ज्यांच्या टेबलावरून रोज जात होतें, त्यांनींच दुष्काळांतील रयतेची दशा पाहिली. १८७९ च्या फेब्रुवारींत त्यांनीं आपल्या रामोशी साथीदारांसह शिरूर तालुक्यांतील धामारी गांवावर दरोडा घालून बंडास आरंभ केला. राहूच्या लोकांना धामारी कांहीं परकी नव्हे. भीमा ओलांडून उत्तरेस गेलें कीं तो मुलूख लागतो. त्यांच्या मार्गाविषयीं मतभेद असोत. परंतु मे महिन्यांत त्यांनीं जो जाहीरनामा काढला त्यांतील मागण्या पाहण्यासारख्या आहेत. लोकांना रोजगार मिळेल अशीं कामें काढा, कर कमी करा, देशी धंद्यांस उत्तेजन द्या, मोठ्या युरोपियन अंमलदारांचे पगार उतरवा, अशा त्या मागण्या होत. बंडखोराचा जाहीरनामा कीं अर्थमंत्र्यास केलेली सूचना, असा प्रश्न पडावा! जुलैंत ते पकडले गेले व १८८३ मध्यें एडनच्या तुरुंगांत वारले. या बंडाच्या संशयाची छाया रानड्यांवरही पडली आणि त्यांची बदली धुळ्यास झाली. सभेच्या अर्जानें जें मागितलें आणि दरोडेखोर ठरलेल्या देशभक्तानें जें मागितलें, तें मुळांत एकच होतें. सरकारनें दोघांकडेही सारख्याच संशयानें पाहिलें.

१८८० मध्यें दुष्काळ-समितीचा अहवाल आला आणि त्यावरून दुष्काळाचे नियम तयार झाले. अंगीं बळ असलेल्यास काम, नसलेल्यास फुकट मदत, हें तत्त्व त्यांत मान्य झालें, आणि तें लहानसहान नव्हे. परंतु हे नियम अंमलदारांसाठीं होते. दुष्काळ आहे कीं नाहीं हें ठरवावयाचें सरकारनें. उपाशी माणसाला ‘मला काम द्या’ म्हणून कोर्टांत जाण्याची सोय नव्हती. दीड कोटींची तजवीज पुढें चालू झाली, पण ब्रह्मदेशची लढाई व वायव्य सरहद्दीचा वाढता खर्च यांच्यापुढें ती पुन्हां आखडली. १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हां सार्वजनिक सभेचे व टिळकांचे लोक गांवोगांव जाऊन रयतेस ते नियम समजावून सांगत होते, आणि १८९७ मध्येंच तिराहच्या डोंगरांत सरकारची मोठी मोहीम चालली होती. त्याच वर्षीं फर्ग्युसन महाविद्यालयांतील एक तरुण प्राध्यापक, गोपाळ कृष्ण गोखले, लंडनास वेल्बी कमिशनपुढें साक्ष देत होते. सरहद्दीपलीकडील महत्त्वाकांक्षेचा भार गरीब करदात्यावर कां, असा त्यांच्या व दिनशा वाच्छांच्या साक्षीचा रोख होता. पुढें मोठ्या कायदेमंडळांत गोखल्यांनीं हा मुद्दा वर्षानुवर्षें मांडला. त्यांस टाळ्या मिळाल्या. पण अंदाजपत्रकांवर मतें देण्याचा अधिकार मिळाला नव्हता.

स्वराज्य आलें म्हणजे हा पेंच सुटेल असें त्या पिढीस वाटत असे. तो तसा सुटला नाहीं, कारण परक्यांच्या महत्त्वाकांक्षेसाठीं लढणें निराळें आणि स्वतःच्या सीमेसाठीं लढणें निराळें. १९६२ च्या नोव्हेंबरांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचें मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. दोन वर्षांत देशाचा संरक्षणखर्च दुपटीहून अधिक झाला. घराघरांतील बायकांनीं अंगावरचे दागिने संरक्षणनिधीस दिले; तें देणें कोणी जुलमानें घेतलें नव्हतें. पण पैसा शेवटीं एकच असतो. १९६५ चें युद्ध व लागोपाठ दोन अवर्षणें यांनीं नियोजनाची घडी अशी विसकटली कीं, चौथी पंचवार्षिक योजना तीन वर्षें पुढें ढकलावी लागली. १९७१ मध्यें सुमारें एक कोट निर्वासितांचा भार, डिसेंबरांत युद्ध, आणि १९७२ मध्यें महाराष्ट्रांत शतकांतील एक भीषण दुष्काळ. या सर्व काळांत देशाचे अर्थमंत्री होते तेच यशवंतराव चव्हाण. तोफ आणि भाकर या दोन्हींचा हिशेब आयुष्यांत ज्याला करावा लागला असा त्यांच्यासारखा दुसरा मराठी माणूस आढळणार नाहीं.

या वेळीं मात्र १८७८ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांतील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लक्ष माणसें होतीं. राहूस माझी एका वृद्ध बाईंशीं गांठ पडली. त्यांचें माहेर शिरूरच्या कोरडवाहू भागांतलें. त्या म्हणाल्या, “लाल मिलोची भाकर खाल्ली, सर, अन् खडी फोडली. सुकडी मिळायची पोरांना. हाताला घट्टे पडले, पर उपाशी कुणी मेलं न्हाई.” त्या आजोळच्या पणजीकडून ऐकलेल्या जुन्या दुष्काळाच्या गोष्टीही सांगत होत्या, त्यांत मेलेल्यांची मोजदाद नव्हती. दोन दुष्काळांतील शंभर वर्षांचा फरक त्या अशिक्षित बाईंनीं एका वाक्यांत सांगितला.

आणि दुष्काळ संपल्यावर महाराष्ट्रानें जें केलें, तें लिटनसाहेबांच्या उत्तरास दिलेलें प्रत्युत्तर आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. विधानपरिषदेचे अध्यक्ष वि. स. पागे यांनीं १९६५ मध्यें सांगली जिल्ह्यांतील विसापूर येथें, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. पुण्याच्या गोखले संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ च्या सुमारास देशांतील दारिद्र्यावर जें लिहिलें त्यांत, सर्वांत गरीब माणसास सार्वजनिक कामांखेरीज दुसरा आधार नाहीं, असें प्रतिपादन होतें. १९७५ मध्यें व्यवसाय-कर बसला. त्याच्या जोडीस मोटारी, विक्री, बागायत जमीन यांवरही भार आला, आणि जितकें त्यांतून जमेल तितकेंच सरकारनें आपल्या पदरचें घालावें असें ठरलें. १९७७ मध्यें रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम. न दिल्यास बेकारीचा भत्ता. लायसन्स टॅक्सला वर्ष होतें न होतें तोंच त्याचा पैसा काबुलास गेला, त्या १८७९ नंतर बरोबर शंभर वर्षें!

या दोन्ही योजनांत पैसा उभा करण्याची युक्ति एकच आहे. दोन्हींत शहरांतील मिळकतीवर कर बसला. फरक दोनच गोष्टींचा. १८७८ मध्यें पैशाला नांव होतें, पण खातें नव्हतें. १९७७ मध्यें खातें झालें. १८७८ मध्यें राज्यकर्त्यांचें वचन होतें, १९७७ मध्यें मजुराचा हक्क झाला. तोफेची निकड स्वतःच बोलते. शत्रु सरहद्दीवर आला कीं सेनापति बोलतो, वृत्तपत्रें बोलतात, लोक दागिने काढून देतात. भुकेला तशी वाचा नाहीं. ती हजार वाड्यांवस्त्यांत विखुरलेली असते आणि मुकाट्यानें मरते. म्हणून तिच्यासाठीं कायद्यानें बोलावें लागतें. स्वतंत्र खातें आणि मागण्याचा हक्क, या दोन कुलपांवांचून गरिबाचा पैसा कोणत्याही तिजोरींत सुरक्षित नाहीं, मग ती तिजोरी परक्याची असो वा आपली.

कोणी म्हणेल, फौजेच्या खर्चानेंही रोजगार मिळतो. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून पुण्याच्या किती कुटुंबांस पोसतो आहे! हें खरें आहे, आणि त्या कुटुंबांचा उपमर्द करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु तेथें जाणारा रुपया यंत्र, धातु, कुशल कारागीर आणि पुष्कळदां परदेशची खरेदी यांत वांटला जातो. बांध घालणाऱ्या कामावरील रुपयाचा मोठा भाग संध्याकाळीं मजुराच्या पदरांत पडतो व गांवच्या बाजारांत खर्च होतो. कोस्टारिकासारख्या एका लहान राष्ट्रानें १९४८ मध्यें आपलें सैन्यच मोडून टाकलें. आमच्या शेजारीपाजाऱ्यांची स्थिति पाहतां तो धडा आम्हांस जसाच्या तसा गिरवितां येणार नाहीं. पण तोफेवरील प्रत्येक खर्च भुकेल्याच्या ताटांतून उचललेला असतो, अशा अर्थाचे उद्गार आयसेनहॉवरनें १९५३ मध्यें काढले, आणि तो जन्मभर सेनापति होता.

येथेंच थांबलों तर लेख गोड होईल, पण खरा होणार नाहीं. कायदा झाला म्हणून कुलूप आपोआप लागत नाहीं. १९८८ मध्यें हमीच्या कामावरील मजुरी दुपटीनें वाढली, आणि त्यानंतर कामावरील माणसांची संख्या वाढण्याऐवजीं घटली. कामें काढणाऱ्यांनीं हात आखडला. हक्क कागदावर तसाच राहिला. २००५ मध्यें केंद्रानें महाराष्ट्राचा धडा गिरवून सबंध देशासाठीं कायदा केला, ही आम्हां मराठी माणसांस अभिमानाची गोष्ट. पण ज्या राज्यानें तो धडा दिला तेथील मजुरानें काम मागावयाचें कोठें, हा प्रश्न पुष्कळ गांवांत शिल्लकच राहिला.

राहूहून परततांना दिवस मावळला होता. रस्त्याच्या कडेस ऊंसतोडीच्या टोळीनें खोपी घातल्या होत्या. बीडकडून आणि पाथर्डीकडून दिवाळीच्या सुमारास हीं कुटुंबें येतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून आधीं घेतलेली उचल फेडण्यास सबंध हंगाम. ज्या पाण्यानें या भागांतील ऊंस उभा आहे, त्यांत सरकारच्या धरणांचा, सवलतीच्या विजेचा आणि साखर कारखान्यांस दिलेल्या भांडवलाचा केवढा तरी वांटा आहे. ती मदत जमीन असणाऱ्यास मिळाली. मिळूं नये असें मी म्हणत नाहीं. परंतु माटोबाचा बांध ज्यांनीं पाट्यांनीं घातला त्यांच्या जातीचीं माणसें, म्हणजे हात हेंच ज्यांचें भांडवल तीं माणसें, आज दीडशें वर्षांनींही कामासाठीं घर सोडून शंभर कोस चालत येतात. त्यांच्या गांवीं हमीचें काम वेळेवर निघतें तर एवढ्या उचलीचें ओझें त्यांनीं डोक्यावर घेतलें असतें काय?

दुसऱ्या दिवशीं महाविद्यालयांत त्या तरुण सहाध्यापकांची गांठ पडली तेव्हां मी त्यांना एवढेंच म्हणालों, “ती दोनशें रुपयांची वजावट आहे ना, तिच्याबद्दल तक्रार करूं नका. तक्रार करावयाचीच तर ती कोणत्या खात्यांत जाते आणि तेथून कोणाच्या हातीं पडते, हें विचारीत जा.” १८७९ मध्यें हा प्रश्न विचारणारे सार्वजनिक काका आणि रानडे होते. तो विचारण्याचा अधिकार त्यांस नव्हता, आम्हांस आहे.